माश्यांचे आभार

रविवारी सकाळी शेवटची माशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गेली आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण आत्ता गुरुवार आहे, घरात माश्याच माश्या आहेत आणि वकील खुर्चीवर उभा राहून ओरडतोय, "माझ्या केसांना कुणी हात लावायचा नाही!"

वकील म्हणजे वकील नव्हे. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पण वाद असा घालतो की समोरचा स्वतःची चूक कबूल करून वर एक चष्माही घेऊन जातो. त्याने माश्या धरायचा चिकट कागद आणून पंख्याला टांगला, आणि मग उकडतंय म्हणून पंखा लावला. कागदाला माशी एकही चिकटली नाही. वकील चिकटला.

"हलू नकोस रे," आप्पा त्याच्या डोक्याला तेल चोळत म्हणाले. "एवढ्या कष्टानं एक सापडला, त्यालाही मीच सोडतोय."

या भाड्याच्या घरात आम्ही तिघे राहतो. आप्पा वयाने आणि हक्काने मोठे. मी गाद्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाला गादी पटावी म्हणून दिवसभर गादीवर पडून सुखी चेहरा करणे हे माझं काम. या घरात आलो तेव्हा माझ्याकडे स्वतःची गादी नव्हती. आप्पांनी आपली गादी माझ्याकडे सरकवली आणि सतरंजी घेतली. "मला मऊ सोसत नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कमरेत वाकून कामावर गेले. त्या गादीवर मी अजून झोपतो. दुकानात विकायला असतात त्यांच्यापेक्षा ती वाईट आहे, आणि तिच्यावर मला चेहरा करावा लागत नाही.

आप्पा गॅस कंपनीत गळती शोधायचे. लोकांच्या घरी जायचं, पाइपाशी वाकायचं, हुंगायचं आणि "ठीक आहे" किंवा "सगळे बाहेर व्हा" यांपैकी एक म्हणायचं. गळती दाखवणारे मीटर आता सगळ्यांना मिळालेत. तरी अवघड जागा असली की साहेब म्हणायचा, "नाकाला पाठवा." नाक म्हणजे आप्पा. कचेरीत त्यांना दुसरं नावच नव्हतं.

आणि रविवारी त्यांची लेक येणार होती, तान्ह्या मुलीला घेऊन. नात आप्पांनी अजून फोनवरच पाहिली होती, तीही अर्धी; उरलेल्या अर्ध्यात जावयाचा अंगठा असायचा. लेक दूर राहायची. एका सकाळपुरती या गावातून जाणार होती.

"बाबा, येते मी, पण तुमची ती धर्मशाळा स्वच्छ आहे का?" फोनमधून तिचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "बाळाला काही झालं तर माझी सासू मला उभी चिरेल. घाण असेल तर खालूनच हात करते."

"आरसा आहे गं घर," आप्पा म्हणाले. त्यांच्या नाकावर माशी बसली होती.

शुक्रवार लढण्यात गेला. भांडी घासली, कचरा टाकला, फरशी पुसली. वकिलाने एका माशीला दीड तास समजावलं असावं, कारण ती त्याच्यासमोर निपचित पडलेली सापडली. बाकीच्या वाढल्या. सगळ्यात जास्त आप्पांच्या खोलीत.

वास येत होता. मला येत होता, वकिलाला येत होता. पण बोलायचं कसं? आमच्या घरात एक नियम आहे. मोज्यांवरून माझी आणि वकिलाची मारामारी झाली होती, तेव्हा आप्पांनी निवाडा दिला होता, "या घरात वासावर कुणी बोलायचं नाही. ज्याचा वास त्याच्यापाशी." आणि नियम पाळावा तर आप्पांनी. मी दूध जाळलं, ते शेजारी बसून पेपर वाचत राहिले. वकिलाने डब्यात भाजी विसरून तिची शेती केली, आप्पा हूं की चूं नाही. एवढा मोठेपणा आम्ही कुठे पाहिला नव्हता. त्यामुळे मला वाटलं वास वकिलाचा आहे, वकिलाला वाटलं माझा, आणि दोघेही सभ्यपणे गुदमरत राहिलो.

शनिवारी दुपारी आप्पांच्या खाटेखाली केरसुणी घातली, तर त्यांचा गमबूट आडवा झाला. आत उंदीर होता. त्याला जाऊन बरेच दिवस झाले असावेत. आमच्याकडे मागचं कार्य तेवढं चालू होतं.

मी नाक धरून बाहेर पळालो. वकील खिडकीत जाऊन लटकला. आप्पा वाकले, बुटात डोकावले, म्हणाले, "अरेच्चा."

"आप्पा, उशाशी हे! वास नाही आला?"

"नियम आहे ना आपला."

"नियम बोलायचा आहे," वकील खिडकीतून म्हणाला. "झोपायचा नाही."

आप्पा खाटेवर बसले. बूट हातातच होता.

"नाक तापात गेलं रे," ते म्हणाले. "तुम्ही मोज्यांवरून भांडलात त्याच्या आधीच. वाटलं, येईल परत. मग तुमचं ते भांडण झालं, आणि म्हटलं, हे बरंय, वासावर कुणी बोलायलाच नको."

"आणि काम?" मी विचारलं.

"मीटर असतो. मागच्या महिन्यात एका घरात मीटर बंद पडला. मी आपलं हुंगल्यासारखं केलं, ठीक आहे म्हणालो आणि आलो." ते बुटाकडे बघत होते. "सकाळी दुसरा मीटर घेऊन धावलो. ठीकच होतं. पण त्या घरात पाळणा होता."

वकील खिडकीतून आत आला.

आप्पांनी बूट ठेवला, हात धुतले आणि साहेबाला फोन लावला. "साहेब, नाक बोलतोय. नाक गेलंय, साहेब." पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग आला नाही. आप्पा बराच वेळ "हो, चुकलं" एवढंच म्हणत होते. सोमवारपासून गोदाम. तिथे पाइप असतात, पण रिकामे.

"चला," फोन ठेवून ते म्हणाले, "फिनेल आणा कुणीतरी. मला विचारू नका किती टाकायचं."

मग रविवारी जे तुम्ही वाचलेलं नाही ते घडलं.

लेक आली. चप्पल न काढता तिने घरावर नजर फिरवली, मग काढली. बाळ आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी नातीच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. लांब. मग पुन्हा. डोळे उघडले तेव्हा ते लेकीकडे नाही, आमच्याकडे बघत होते.

"कसा येतो रे?" हळूच म्हणाले.

मी वाकलो. "दुधाचा. आणि उन्हात टाकलेल्या दुपट्याचा."

"चूक," वकील वाकून म्हणाला. "दूध बरोबर. पण दुपटं सावलीत वाळलेलं. आणि मागे थोडा कोमट तेलाचा."

"ऊनच आहे."

"सावली! नीट हुंग!"

"भांडू नका, एकेकानं सांगा," आप्पा म्हणाले. आम्ही सांगत गेलो, ते मान हलवत गेले. लेक हसत होती. मग काय ते तिच्या लक्षात आलं आणि तिने आप्पांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या माश्यांचा मी आजन्म ऋणी राहीन. एक विनंती मात्र बाकी आहे. तरी, नाक-विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांस कळविण्यात येते की, सदर इसमाचे नाक, कामासाठी नव्हे, केवळ एका श्वासापुरते, परत मिळावे. बाळ मोठे होण्यापूर्वी निर्णय व्हावा. तोवर आम्ही दोघे बदली कर्मचारी म्हणून हजर आहोत. ऊन की सावली, यावर मात्र आमचे एकमत होणार नाही.