लाल चिंधीची काठी

कय्युम मास्तरनं जन्मात समुद्र बघितला नव्हता, पण समुद्राकाठची पाखरं त्याला नावानिशी पाठ होती. राहायचा औरंगाबादेत, छावणीत, शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि ऐतवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून पैठणच्या गाडीनं नाथसागर धरणाचा काठ गाठायचा. त्याची बायको जमिला म्हणायची, "पाखरांचं याड लागलंय, दुसरं काय." तिचं तरी काय चुकत होतं?

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. दिवाळी सरली तरी धरण अर्धंच. पाणी मागं हटलेलं आणि धरणात बुडालेल्या एका गावाचं शिवार उघडं पडलेलं. सगळा काळा गाळ, वरून वाळून तडकलेला, बघायला अगदी सारवलेल्या अंगणासारखा. त्या गाळावर सकाळच्या उन्हात मास्तरला एक पाखरू दिसलं. काळं-पांढरं, आणि चोच लांब, गाजरासारखी लाल. कालवफोड्या. खाऱ्या पाण्यावर कालवं फोडून खाणारं पाखरू, ते इथं, गोड्या पाण्यावर?

गेल्या साली त्यानं असंच एक नवल सांगितलं, तर शहरातली पक्षीवाली मंडळी फिदीफिदी हसली होती. "मास्तर, चष्मा बदला," असं एक जण तोंडावर म्हणाला होता. तो घाव अजून ओला होता. म्हणून या खेपेला पायांचा रंग, पंखांवरची पट्टी, सगळं वहीत उतरवल्याशिवाय तो हलणार नव्हता. पण पाखराजवळच गाळात एक काठी रोवलेली होती, आणि तिला बांधलेली लाल चिंधी. वारं आलं की चिंधी फडफडायची आणि पाखरू बिचकून लांब पळायचं. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याची खूण असेल, पाणी गेलं आणि काठी राहिली, असं मास्तर धरून चालला. खरं सांगायचं तर त्यानं विचारच केला नाही. सरळ गेला, काठी उपटली आणि काठावर आणून टाकली.

पाखरू परत आलं. गुलाबी पाय, पंखांवर रुंद पांढरी पट्टी. मास्तरनं चार पानं भरली, चित्र काढलं आणि पोट भरल्यासारखा चढावर चहाला निघाला.

चढावर मल्हारराव धनगराचा तळ होता. मल्हारराव अजिंठ्याकडचा. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन पाऊसकाळ सरला की इकडं यायचा. त्याची बायको बानाबाई चुलीशी भाकरी थापत होती. मास्तरला बघून तिनं चहाचं आधण ठेवलं.

"आज लई खूश दिसताय, मास्तर."

"पाखरूच तसं घावलं, मावशी. ती मासेवाल्यांची काठी मधी मधी येत व्हती. उपटून टाकली तवा कुठं नीट दिसलं."

बानाबाईचा थापता हात थांबला. "कसली काठी?"

"लाल चिंधीची."

"मास्तर, ती हिरीची काठी हाय."

मास्तरला कळेना. मग तिनं घाईघाईनं सांगितलं. गाव बुडालं तेव्हा त्याच्या विहिरी कुणी बुजवल्या नाहीत. धरणाचं पाणी वर होतं तोवर कुणाला काय त्याचं? पण पाणी उतरलं की वरून गाळाची साय धरते आणि खाली चार-चार परस खोल पातळ चिखल. म्हणून उठवलेल्या गावची माणसं दरसाल येतात आणि आपल्या विहिरीच्या तोंडाशी लाल चिंधीची काठी रोवून जातात. धनगर परमुलखातले, त्यांना गाळाची ओळख तेवढीच. चिंधी नाही तिथून वाट.

"अन् ह्ये आत्ताच मेंढरं घिऊन पाण्यावं गेलं," ती म्हणाली. "सम्दी मेंढरं त्यांच्या मागनं चालत्यात. पुढं ह्येच असत्यात, मास्तर."

चहा तसाच राहिला. तो उतारावरून धावत सुटला, आणि मागून बानाबाई.

काठावर काठी पडलेली होती. ती उचलून मास्तर गाळात शिरला आणि तिथंच थबकला. काठी रोवलेली होती कुठं? सकाळी उपटलेल्या जागचं भोक कुठंच दिसेना. मधल्या वेळात कुणाच्या तरी म्हशी गाळ तुडवून गेल्या होत्या, त्याच्या बुटांचे ठसे खुरांनी पार पुसले होते. चारी बाजूंना सारखाच काळा गाळ. मैलभरावरच्या पाखराच्या पंखावरची रेघ सांगणारा माणूस, त्याला आपल्याच हातानं उपटलेल्या काठीची जागा आठवेना.

दोनशे पावलांवर, पलीकडच्या उतारानं मल्हारराव येत होता. खांद्यावर घोंगडी, मागं शंभरेक मेंढरं, मान खाली घालून एकमेकांच्या शेपटाला लागलेली. मास्तर ओरडला. वारं उलटं होतं. मल्हाररावनं नुसता हात वर केला, रामराम केल्यासारखा, आणि तो चालतच राहिला.

"या अल्ला, या अल्ला," मास्तर पुटपुटत होता. पाय टाकायची भीती, न टाकावा तर त्याहून भीती. आठव, आठव. पाखरू पाण्याच्या कडेला होतं. मागं ती वाळलेली बाभळ होती. काठी बाभळीच्या सरळ रेषेत. हो, सरळ रेषेतच. तो बाभळीच्या रेषेत आला, त्यानं काठी गाळात दाबली, कमरेएवढी उभी केली आणि चिंधी पसरून दिली. मग दोन्ही हातांनी डावीकडं खुणा करायला लागला. तिकडून, मामा, तिकडून.

मल्हाररावनं चिंधी बघितली. त्यानं जिभेनं टर्रर्र केलं आणि कळप डावीकडं वळवला. चिंधीला वळसा घालून सगळी मेंढरं पाण्याकडं निघाली.

मास्तरच्या जिवात जीव आला. एवढा की त्याला रडूच फुटलं. मल्हाररावला गाठावं, पाय धरावेत, झाली चूक सांगून टाकावी, म्हणून तो काठीच्या डाव्या अंगानं, कळप येत होता त्याच्या तोंडावर निघाला.

दहा-बारा पावलं गेला असेल. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काहीच नव्हतं.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. काखेपर्यंत आत गेला तेव्हा हात आडवे पसरले म्हणून तिथं अडकला. छातीला गार चिखल, पाय खाली लोंबकळत, आणि ते हलवले की आणखी आत. दुर्बिणीचा पट्टा गळ्याला ओढत होता. आपण मरतोय हे त्याला स्वच्छ कळलं. जमिला घरी वाट बघत बसेल आणि तिला कुणी सांगायलाही जाणार नाही, असं त्याच्या मनात आलं. मग मात्र तो गुरासारखा हंबरला.

मल्हारराव जागच्या जागी थांबला. मागं न बघता त्यानं आपल्या हातातली मेंढरं हाकायची काठी आडवी धरली, आणि सगळा कळप थबकला. मग तो पोटावर पडला, सरपटत पुढं आला आणि घोंगडीचं टोक फेकलं.

"धरा. हलू नगा. नुस्तं धरा."

तेवढ्यात बानाबाई पोचली. तिनं नवऱ्याचे पाय धरले, आणि दोघांनी ओढून ओढून मास्तरला वर काढलं. एक बूट विहिरीत गेला. दुर्बीणही गेली. मास्तर कुशीवर पडून चिखल ओकत राहिला.

मल्हारराव त्या भोकाकडं बघत होता. गाळ हळूहळू परत जुळत होता, वरून पुन्हा अंगणासारखा. मग त्यानं मान वळवून दहा पावलांवरच्या काठीकडं बघितलं.

"हीर हितं हाय," तो म्हणाला. "मग चिंधी तिथं कशी?"

बानाबाई मास्तरकडं बघत होती.

"सकाळी मीच उपटली, मामा. पाखरू बिचकत व्हतं म्हणून." मास्तरचे दात वाजत होते. "अन् आता लावली तीबी मीच."

मल्हाररावनं पुढच्या मेंढीकडं बघितलं. ती विहिरीपासून पाच हातांवर उभी होती, तिच्या मागं सगळा कळप, आणि तिच्या पुढं त्याच्या स्वतःच्या पायतणांचे ठसे. आतापर्यंत शांत असलेला तो दांडगा माणूस मटकन खाली बसला. बानाबाईनं त्याचे हात आपल्या हातात घेतले.

"चिंधी बघूनच वळलो मी हिकडं," तो म्हणाला.