खरवडलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. सध्या एका प्रार्थनागृहाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभे आहे.

एका चित्रकार बाईने मला घडवले. लाकडी चौकटीवर जाड कापड ताणून खिळे ठोकले, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. तिला प्रार्थना करणारा माणूस काढायचा होता. टेकलेले गुडघे, जोडलेले हात, चुरगळलेला सदरा असे सगळे चार दिवसांत झाले. चेहऱ्यापाशी मात्र गाडी अडली. ती म्हातारा काढायला बसे आणि चेहरा तिच्या धाकट्या भावाचा होई. मग तिने बाई काढून पाहिली, तर डोळे पुन्हा त्याचेच!

हा भाऊ तिच्याशी भांडून घराबाहेर पडला आणि त्याच दिवशी नदीत बुडाला. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असे ती त्याला म्हणाली होती. तेव्हापासून तिने स्वतः कधी हात जोडले नव्हते.

दर वेळी ती सुरीने ओला रंग खरवडून टाकी, तरी पुसट डोळे माझ्यावर उरतच. सकाळी दार उघडताच माझ्याकडे पाहून दचके. सहा चेहरे तिने असे घालवले.

एका दुपारी ती जेवायला खाली आली नाही, म्हणून तिची आई माडीवर आली. मला पाहताच उंबऱ्यातच थबकली.

"अगं, हा तर आपला धाकटा!"

"मी नाही काढला, आई. तो आपणहून येतो."

"मग येऊ दे की."

"मी त्याला काय बोलले होते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरातच होते. त्याला थांबवायला मीसुद्धा बाहेर आले नाही." आई हळूच जमिनीवर बसली. "रोज देवापुढे बसते, पण हे बोलायला तोंड उघडत नाही. तू निदान चित्र तरी काढतेस."

चित्रकार बाईच्या हातातली सुरी गळून पडली. दोघी पहिल्यांदाच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी तिने भाऊच काढला. केस ओले, ओठ किंचित उघडे. तो प्रार्थना करतो आहे की काही विचारतो आहे, हे मलाही अजून कळलेले नाही.

पुढे मी या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर लागले. एक परिचारिका रोज माझ्यासमोर बसे. "हा माझ्यावर रागावलाय असं वाटतं, तरी मला इथून उठवत नाही," ती म्हणे. मग भिंतींना नवा रंग लागला आणि मी इथे अडगळीत आले. कुणीतरी ओल्या फडक्याने मला पुसले. रंगाचे पोपडे सुटले आणि आता त्याच्या डोळ्याखाली आणखी एक, आधी खरवडलेल्या चेहऱ्याचा डोळा उघडला आहे.

मित्रांनो, जुन्या चित्रांना पाणी लावू नका, ओलीत ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढत असेल, तर घाबरून वही मिटू नका. शेजारी बसा आणि विचारा, हा कोण?