विश्रामबागेतली बुधवारची प्रार्थना

१९७४ साल. रेल्वेचा मोठा संप झाला ते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ह्यांनी घर सोडायचं ठरवलं, कायमचं.

हे म्हणजे शांतवन, साताऱ्यात शाळेवर ड्रॉइंग मास्तर. सासरे मिशनचे प्रचारक होते, त्यामुळे ह्यांचं सगळं बालपण देवळात गेलं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पण एकाहत्तर साली आमची नामी आठ महिन्यांची होऊन तापानं गेली. मातीहून परत आल्यावर मंडळीतले लोक चहा घेताना म्हणाले, "प्रभूची इच्छा." ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. पुढच्या रविवारपासून देवळात जाणं बंद.

त्यानंतर देव शोधायला ते बाकी सगळीकडे गेले. आधी योगासनं. आमची खोली एवढीशी. हे शीर्षासनात असले की मला स्टोव्हपर्यंत जाता येत नसे. मग मीठ सोडलं. शेजारच्या अंजनाबाईंच्या चिवड्यात मीठ असतं हे त्यांच्या ध्यानात यायला मात्र महिना लागला. मग दर गुरुवारी मौन. काय हवं ते पाटीवर लिहून दाखवत.

शेवटी गाठ पडली हंबीररावांशी. हंबीरराव रिटायर सुभेदार, कृष्णाकाठी मळ्यात झोपडी बांधून ध्यानधारणा शिकवत. माणूस भला होता. पहाटे चारला सगळ्यांना उठवी, रांगेत बसवी, आणि कुणाची पाठ वाकली की "सावधान!" म्हणे. ह्यांना वाटलं, सापडलं!

एका गुरुवारी पाटी माझ्यासमोर आली. 'सुट्टीनंतर मी मळ्यातच राहणार. राजीनामा देतो. तू सांगलीला आईकडे राहा.'

मी खाली लिहिलं, 'आईला तुम्हीच सांगा.' मौन काही माझं नव्हतं. पण तोंड उघडलं असतं तर रडले असते.

सासूबाई चंद्राबाई सांगलीत विश्रामबागेत माझ्या धाकट्या दिरांकडे राहत. मूळच्या जतकडच्या. दर बुधवारी दुपारी त्यांच्याकडे बायकांची प्रार्थना असे. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या पोराला नोकरी लागेना, सगळं त्या प्रभूला नावानिशी कळवत. विश्रामबागेत वर्तमानपत्र न घेणाऱ्या बायका त्यावरच भागवत.

आम्ही पोचलो तो नेमका बुधवार. ह्यांनी ओट्यावरच आईला बातमी सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "हातपाय धू. च्या घे." आणि आत जाऊन बसल्या. हे बाहेर ओट्यावर डोळे मिटून, ताठ. आत मी, सात-आठ बायका आणि म्हातारी मनुबाई. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती खबरदारी घेऊन वाक्यावाक्याला 'आमेन' म्हणे.

"हे आकाशातल्या बापा," सासूबाईंनी ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "माजा शांतू लय बिघडलाय. गांजा वढतोय."

"आमेन!" मनुबाई.

"बायकूला उपाशी ठिवतोय. शाळंतनं काढून टाकलाय त्याला."

"आमेन!"

हे लालबुंद होऊन दारात आले. पण आमच्यात प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. दूध उतू गेलं तरी आमेनपर्यंत थांबायचं. आणि सासूबाई काही आमेनकडे वळेनात.

"आई! खोटं आहे हे सगळं!"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "मी तुज्याशी बोलत न्हाई. मी त्याच्याशी बोलतीया. तुजं काय असंल ते त्यालाच सांग."

"मी कशाला सांगू?"

"मग गप बस. हे प्रभू, त्यो गांजा..."

"हे प्रभू!" हे ओरडले. "मी गांजा ओढत नाही! मला कुणी काढलेलं नाही! रत्नमालेला मी एक दिवस उपाशी ठेवलेलं नाही!"

"आमेन," मनुबाई म्हणाली.

तिथंच थांबता आलं असतं. पण आता ते थांबेनात. "आणि तू नामीला नेलंस. आठ महिन्यांची होती. दात येत होते तिला. लोक म्हणतात तुझी इच्छा. असली कसली रे इच्छा? जिकडे गेलो तिकडे मला सांगितलं, राग सोड. नाही सोडायचा मला. तुझ्यावरचा आहे, तुलाच दाखवणार."

या वेळी मनुबाईसुद्धा गप्प राहिली. हे चौकटीला धरून रडत होते. नामी गेली तेव्हाही रडले नव्हते. मी उठून त्यांच्याशेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळानं तेच हळूच म्हणाले, "आमेन."

तेव्हा कुठं सासूबाईंनी डोळे उघडले. "चला, च्या ठिवा कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला परत निघालो. गुरुवार होता, पण इस्लामपूर सुटल्यापासून हे बोलतच होते. "मी काही हरून आलो नाही. भांडण अर्धं राहिलंय."

"मग?"

"रविवारी देवळात जातो. बघतो काय म्हणतोय तो."

गेले. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. ती घडी सुटायला नाताळ उजाडला.

हंबीररावांना हे स्वतः जाऊन सांगून आले. ते म्हणाले, "जावा मास्तर. तुमची पाठ तशीबी सरळ राहत नव्हती." पुढं नातू झाल्यावर तेही ध्यान आवरून गावी ऊस बघायला गेले.

मनुबाई अठ्ठ्याहत्तर साली वारली. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं, "आत्याबाई, प्रार्थनेत खोटं बोललात?" तर म्हणाल्या, "खोटं कसलं गं? माजं काय चुकलं तर दुरुस्त कराय त्यो हाय की." एक्क्याऐंशीत त्या गेल्या.

आम्हाला पुढं दोन मुलगे झाले. हे मंडळीच्या पंचांत आले. कुणाचं मूल गेलं की त्या घरी पहिले हे जात. इच्छा-बिच्छा काही बोलत नसत, नुसते बसून राहत. २००४ साली तेही गेले. मी आता थोरल्याकडे विश्रामबागेत असते. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून प्रार्थना खुर्चीत बसूनच करते.