बोराटी कुणाची?

आमच्या घरासमोरून चांदवडला जाणारा डांबरी रस्ता आहे. अलीकडे आमचं कांद्याचं वावर, पलीकडे फकिरा काकांचं. दोघांनाही कुंपण एकच, बोराटीचं. म्हणजे बोरीच्या वाळलेल्या काटेरी फांद्या. शेळ्या आत येत नाहीत आणि तारेचा खर्च वाचतो. फक्त होळी झाली की वारं असं सुटतं की ही बोराटी कुंपणातून निसटते, गोल गोल लोळत रस्त्यावर येते आणि तिथून कुणाच्याही वावरात जाते. मग ती कुणाची? माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आणि फकिरा काकांना या प्रश्नापलीकडे आयुष्यात काही उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. ओझरजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी पॅकिंग बघते आणि समाधान तिथलं कोल्ड स्टोरेज. आमचं दोघांचं कधीच ठरलं होतं. पण तसं घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून एका मावशीला मधे घालून आम्ही रीतसर स्थळ आणवलं होतं. भीती होती ती त्याच्या वडिलांची. सोमनाथ तात्या एसटीत ड्रायव्हर होते. गाडीला साधा ओरखडाही न लागता रिटायर झालेला माणूस. रस्त्यावर गुरं मोकळी सोडणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याशी त्यांनी बोलणं टाकलेलं. समाधान मला म्हणाला होता, "योगिनी, पोहे खारट झाले तरी चालतील, पण तात्यांच्या रस्त्यात काही येऊ देऊ नको."

आणि सकाळी मी दार उघडलं तर रस्त्याच्या मधोमध म्हशीएवढी बोराटी. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला फकिरा काका.

"सोड! माझ्या बोरीची फांदी हाय ही. मी सोता तोडली," काका ओरडत होते.

"तुझ्या बोरीला एवढा काटा कधी आला रे? ही माझी सुतळी दिसत नाय का?"

"सुतळी काय तुझ्या बापाची कंपनी काढती?"

मी मधे पडले. पाहुणे येतायत, आधी ती बाजूला करा, म्हटलं. तर अण्णा म्हणाले, "मी उचलली तर हा गावभर सांगल, रंगनाथनं चोरली." काका म्हणाले, "आन मी उचलली तर हा सांगल." मी स्वतः हात घातला तर दोघं एका सुरात खेकसले, "हात लावू नको!" सरपंच एका हळदीला गेले होते. ते दुपारी येऊन निवाडा करणार, तोवर वस्तू आहे तिथेच राहणार, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. शिवाय वाऱ्यानं ती दुसऱ्याच्या वावरात जाऊ नये म्हणून दोघांनी मिळून तिच्यावर धोंडे ठेवले. इतक्या वर्षांत त्यांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम.

मी आईकडे धावले. ती पोहे भिजवत होती. ती म्हणाली, "तू साडी नेस. त्या दोघांना ब्रह्मदेव आला तरी हलवायचा नाही."

साडी नेसून होतेय तोच बाहेर फाट्कन आवाज आला, आणि लगेच दुसरा.

वळणावरून आलेली तात्यांची गाडी बोराटीवर चढून उभी होती. पुढची दोन्ही चाकं बसलेली. स्टेपनी एकच. समाधान डोक्याला हात लावून उतरला. तात्या मात्र सावकाश उतरले, वाकून चाकं बघितली, मग धोंडे बघितले.

"वाऱ्यानं आली असती तर समजलो असतो," ते म्हणाले. "वर धोंडे कोणी ठेवले? कोणाची आहे ही बोराटी?"

सकाळपासून तिच्यासाठी गळा फाडणारे आमचे दोन वीर. दोघांनी एकदमच बोट दाखवलं.

"ह्याची!"

"ह्याची!"

तात्यांचा चेहरा लाल झाला. "हे बघा, रस्त्यात काटे टाकणाऱ्याच्या घरचं मी पाणी पीत नाही, सोयरीक तर लांबच. एकदाच विचारतो. कोणाची?"

समोरून असं थेट विचारलं की अण्णांना खोटं बोलता येत नाही. बायकोशीसुद्धा येत नाही, म्हणून तर आमच्या घरात एवढी भांडणं. एका वाळक्या फांदीपायी माझा संसार रस्त्यावरच मोडणार होता, आणि मला त्या दोघांचा इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

फकिरा काकांनी माझ्याकडे बघितलं. मग साडीकडे. मग पुढे झाले.

"माझी हाय, पाव्हणं. धोंडं बी मीच ठेवलं. ह्या घराचा काय बी संबंध नाय."

मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी धडकी भरली. कारण अण्णांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती. फकिरानं चारचौघांत "माझी" म्हणायचं आणि रंगनाथनं ऐकून घ्यायचं, असं आजवर झालं नव्हतं. त्यांचे ओठ 'मा'साठी मिटलेसुद्धा. मागे आईनं त्यांचा सदरा धरला. समाधाननं डोळे मिटले.

"हो," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्याचीच हाय. पहिल्यापासून त्याचीच."

तात्या आमच्या घरी पाणी प्याले, पोहे खाल्ले आणि पंक्चरवाल्याची वाट बघता बघता सुपारी फोडायचा दिवसही काढून गेले. जाताना काकांच्या घराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. काका ओट्यावर बसून होते. मी पोह्यांची ताटली घेऊन गेले तर म्हणाले, "लिंबू नाय पिळलं?" मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

गाडी वळणाआड गेली तसे अण्णा उठले. बोराटी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा रस्ता ओलांडून स्वतःच्या हातानं काकांच्या बांधाला नेऊन लावली. वर आपलीच सुतळी गुंडाळली. काका बघत होते.

"घट्ट बांध," काका म्हणाले.

"बांधतोय ना," अण्णा म्हणाले. "पण लग्नानंतर सुटून आली, तर माझी."