चुंबकाचे सोल

लाँड्रीच्या हॉलमध्ये त्या दुपारी एकही इस्त्री फिरत नव्हती. वीस-पंचवीस बायका आणि खुद्द मालक माना उंचावून चुंबकबाबांकडे बघत होते. बाबांच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात बुटात घालायचे काळे सोल. गेल्या आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून आज नमुना होती इथेच कामाला असलेली माझी आई.

“मावशी, बूट काढा. हात आडवा धरा.”

बाबांनी दोन बोटांनी हात दाबला. आई कलंडली. हॉलभर “अगं बाई!” मग आईला मोज्यांसकट काळ्या सोलवर उभं केलं आणि बाबा तिच्या हाताला जवळजवळ लोंबकळले. आई खांबासारखी उभी. टाळ्या!

“जमीन खालून ओढते, चुंबक वरून! मधल्या मधे व्याधी चेंगरून मरते!”

मला क्षणभर व्याधीचीच दया आली.

आईला बारा वर्षं साखर आहे, पाय बधिर झालेत. माझी ताई इस्पितळात पायांचे ठसे घेऊन सोल बनवते. आईचेही तिनेच बनवले होते. भार पडतो तिथे मऊ. चुंबकाचे घेतल्यावर आईने ते काढून डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारले. टेबलाला चांगला गुण आला.

ताई आज रजा टाकून आली होती. ती पुढे झाली. “बाबा, मी करू?”

शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा तिने जमिनीवर टाकला, आईला त्यावर उभं केलं आणि हाताला लोंबकळली. आई ढिम्म.

“यात कुठलं चुंबक आहे?”

मग चुंबकाच्या सोलवर उभं करून तिने हात नुसता दाबला. आई थेट तिच्या अंगावर.

“हात बाहेर ओढत दाबला की तोल जातो. अंगाकडे ढकलत दाबला की भार सरळ पायात उतरतो. बस, एवढंच.”

“अश्रद्धेच्या लहरींनी चुंबक रुसतं,” बाबा म्हणाले.

“पण माझी टाच खरंच कमी दुखते हो,” मालक पुटपुटले.

“खाली मऊ काही आलं की दुखणार कमीच. तेवढ्यासाठी चुंबक कशाला?” ताई म्हणाली आणि एकदम वाकली. “आई, मोज्यावर डाग कसला?”

“चहा सांडला असेल.”

“तळपायावर?”

मोजा निघाला. अंगठ्याखाली जखम, गोल, बरोबर सोलमधल्या चुंबकाच्या चकतीएवढी. वास आला तेव्हा पुढच्या बायका मागे सरकल्या. आई मात्र हसत होती.

“अगं, पण काहीच दुखत नाही! बाबा म्हणाले, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं.”

ताई जखमेवर धुतलेलं फडकं बांधू लागली. मी रिक्षा बघायला धावलो. परत आलो तेव्हा आई दारात होती, आणि बाबा, माईक, सोल, सगळंच अंतर्धान पावलं होतं. त्यांचा तेवढा एकच चमत्कार खरा.

वाचणाऱ्यांनो, बधिर पाय तक्रार करत नाही. घरात कुणाला साखर असेल तर रोज त्यांचे तळपाय स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पायाचं दुखणं पाय तपासणाऱ्याला दाखवा. आणि कुणी तुमचा हात दाबून चमत्कार दाखवू लागला, तर एवढंच म्हणा: दोन्ही वेळा एकाच दिशेने दाबा.

इस्पितळातल्या खाटेवरून आई अजून म्हणते, दुखत नाही, घरी चला. अंगठा राहील की नाही, ते डॉक्टर सोमवारी सांगणार आहेत.