मालूबाईंचे गोंदण आणि चिमट्याची किळस

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना, बांबूचा चिमटा आहे. माझ्या टोकांना रबर आहे आणि अंगाला आंबूस वास आहे. तो वास माझा नाही, लोकांनी मला लावला आहे.

दत्तात्रयकाकांच्या फोटो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत माझे तारुण्य गेले. तेथे तीन ट्रे असत. पहिल्यातल्या डेव्हलपरमध्ये कोऱ्या कागदावर चित्र उमटे, दुसऱ्यात त्याचे उमटणे थांबे आणि तिसऱ्यातल्या हायपोत ते पक्के होई. मी पहिल्या ट्रेचा. डेव्हलपरमध्ये हायपो गेला की तो नासतो, म्हणून प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा. "वीस वर्षं झाली, यानं हायपो चाखला नाही," असे काका कौतुकाने सांगत. मग स्टुडिओ बंद झाला आणि मी एका डब्यात झुरळांच्या सोबतीला पडलो. त्यांनी माझ्यावर काय काय केले ते सांगवत नाही.

गेल्या वर्षी दीपालीताईंना घरीच फोटो धुण्याचा छंद लागला. त्या देडतलाईच्या शाळेत शिकवतात आणि बऱ्हाणपुरात राहतात. काकांनी त्यांना सगळे सामान देऊन टाकले, समजावूनही सांगितले. ताईंनी न्हाणीघराच्या खिडकीला केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले, लाल दिवा लावला आणि झाली अंधारी खोली. पण काय ती जागा! मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता, भिंतीला चिकटलेल्या टिकल्या, खाली साबणाचा बुळबुळीत थर. माझ्या अंगावर शहारे येत.

त्याहून घाणेरडे पुढेच होते. बाकीचे दोन चिमटे हरवले, तेव्हा ताई मलाच तिन्ही ट्रेंत बुडवू लागल्या. हायपोतून काढायचे आणि न धुता पुन्हा डेव्हलपरमध्ये! मला किळस येई. फोटोंवर पिवळट डाग पडत. "अरे यार, ये कागदच खराब आहे," असे ताई म्हणत. आपली चूक कागदाच्या माथी मारणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

एका रविवारी दुपारी मालूबाई देडतलाईहून बसने आल्या. केळीच्या बागेत राबणारी सत्तरीची बाई. ताईंनी रिळाच्या कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला होता. बाजारातल्या एका फोटोवाल्याने आधी त्यांचा रंगीत फोटो काढला होता, त्यावर त्या भयंकर चिडलेल्या होत्या.

"मले पार गोरी करून टाकलं, मॅडम! कपाळाचं गोंदण भी गायब. मी मेल्यावर पोरं त्या भलत्या बाईले हार घालतीन!"

फोटोचे दोनच कागद उरले होते. मालूबाई पालथ्या बादलीवर बसून बघत होत्या. पहिला कागद मी हलवला, चेहरा उमटला, आणि नेमका कपाळावर पिवळा डाग पसरला. गोंदण त्याखाली गेले. ताईंनी मला हायपोत बुडवले आणि तसेच निथळत पुन्हा पहिल्या ट्रेकडे आणले.

"थांब वं पोरी!" मालूबाई ओरडल्या. मॅडम म्हणायचेही विसरल्या. "त्यातला चिमटा यात? उपासाच्या साबुदाण्यात मटणाचा चमचा घालतं का कोनी? शी!"

मला रडू फुटायचे बाकी होते. माझी किळस कोणाला तरी कळली होती.

"सॉरी मावशी. काका बोलले होते, मैंच भूल गई," ताई पुटपुटल्या. त्यांनी नासलेला डेव्हलपर ओतून दिला आणि ताजा कालवला. दोरीवरचे कपड्यांचे दोन चिमटे उरलेल्या ट्रेंसाठी आणले. मालूबाईंनी मला नळाखाली धरून रबराच्या खाचेपर्यंत घासले.

मग शेवटचा कागद. मी तो हळूहळू हलवत राहिलो. आधी पदर काळा झाला, मग डोळे उमटले, मग सुरकुत्या. अखेर कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके स्वच्छ उभे राहिले.

मालूबाई वाकून बघत राहिल्या. "हां, हीच मी," त्या म्हणाल्या. "आता खुशाल हार घाला."

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवा असे मी म्हणत नाही. मी झिजण्यासाठीच आहे. फक्त काम झाले की मला धुवा आणि एखाद्या खिळ्याला अडकवा. तुमच्या आळसाचा डाग माझ्यावर राहत नाही, तो कोणाच्या तरी कपाळावर पडतो.