आवळून घेतलेला झगा

रक्तात साखर निघाली तशी अफ्रियेने रात्रीचा फुफू, म्हणजे कसाव्याच्या पिठाचा जड गोळा, सोडला आणि घानातल्या कुमासीच्या बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानापर्यंत ती पायी जाऊ लागली. सहा महिन्यांत गळ्याची हाडं दिसू लागली, हनुवटीखालची वळी गेली.

मामाच्या अंत्यविधीला चुलतबहीण दुफी सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं ही दशा! नवरा उपाशी ठेवतो, की एखादं दुखणं लपवतेस? निदान सैल झगा तरी घालायचास."

"मुद्दाम शिंप्याकडून आवळून घेतलाय," अफ्रिये म्हणाली. "मेहनतीनं कमावलेलं अंग झाकू कशाला?"

रिवाजाप्रमाणे मृताला नाचून निरोप देण्यासाठी ढोल वाजू लागले. याआधीची दोन वर्षं गुडघ्यांपायी प्रत्येक कार्यात खुर्चीतच बसून राहिलेली अफ्रिये रिंगणात उतरली. दुफी धापा टाकत बाजूला झाली, तरी ही नाचतच होती.

शेवटी म्हाताऱ्या मावशीने हळूच विचारलं, "तुझं ते दुकान घरून पायी किती लांब पडतं गं?"